गोकूचा मूळ आवाज : मासाको नोझावा – कारकीर्द, तंत्र आणि काय काय ऐकावं

तिन्हीसांज (धागाकर्ती)

हिंदीत 'ड्रॅगन बॉल झी' ही जपानी ॲनिमेशन मालिका बघितलेली मंडळी ती मूळ जपानी आवाजात पहिल्यांदा लावतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : एवढ्या धिप्पाड नायकाला, गोकूला, बाईचा आवाज का? त्या बाई म्हणजे मासाको नोझावा. जन्म २५ ऑक्टोबर १९३६, तोक्यो. 'ड्रॅगन बॉल दायमा' ही मालिका ११ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली आणि दोन आठवड्यांत बाईंना ८८ वर्षं पूर्ण झाली. त्या मालिकेत गोकू पुन्हा लहान मुलगा होतो. म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या उंबरठ्यावरची बाई पोराचा आवाज काढते आहे, आणि तो पोराचाच वाटतो. हे कसं जमतं, यावर मराठीत नीट काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी कारकीर्द. बाई तिसऱ्या वर्षापासून चित्रपटांत बालकलाकार होत्या. युद्धाच्या धामधुमीत तोक्यो सुटलं आणि शाळेची वर्षं गुन्मा प्रांतातल्या नुमाता गावी गेली. परत येऊन नाटकात शिरल्या आणि नाटकातूनच डबिंगमध्ये. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्या पिढीतले जवळजवळ सगळे आवाजाचे कलाकार रंगभूमीवरून आले. जपानमध्ये टीव्ही १९५३ साली सुरू झाला. मोठ्या चित्रपट कंपन्यांनी आपसांत करार करून आपल्या नटांना टीव्हीपासून दूर ठेवलं होतं. त्यामुळे परदेशी मालिकांच्या जपानी आवाजासाठी निर्माते नाटकवाल्यांकडे गेले. नाटकवाल्यांनाही पैशांची गरज होतीच.

ॲनिमेशनमधली पहिली मोठी भूमिका 'गेगेगे नो कितारो'. ३ जानेवारी १९६८ ला सुरू झालेली कृष्णधवल मालिका, ६५ भाग. १९७१ मध्ये तीच रंगीत झाली तेव्हाही कितारो नोझावाच. त्यानंतरची दहा-बारा वर्षं पोरांच्या भूमिकांची रांगच आहे : 'दोकोंजो गाएरू'मधला हिरोशी (१९७२), 'गांबा नो बोकेन'मधला उंदीर गांबा (१९७५), 'गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९'मधला तेत्सुरो (१९७८ ते ८१, ११३ भाग), टॉम सॉयर (१९८०), 'काईबुत्सु-कुन' (१९८०). आणि आपल्याकडच्या पोरांना चकित करणारी गोष्ट : १९७३ साली 'दोराएमोन'ची अगदी पहिली मालिका आली, ती जेमतेम सहा महिने चालली. तीत कोसेई तोमिता या पुरुष कलाकाराच्या जागी मध्येच नोझावांना आणलं. म्हणजे दोराएमोनचा दुसरा आवाज यांचा. १९७९ च्या गाजलेल्या मालिकेतला आवाज नोबुयो ओयामांचा, तो वेगळा.

मग २६ फेब्रुवारी १९८६ ला 'ड्रॅगन बॉल'. पुढचं तुम्ही सगळे जाणताच. तंत्राबद्दल जाणकारांनी लिहावं.

खडूफळा

मस्त धागा, तिन्हीसांज. पण पहिलाच प्रश्न माझ्याही डोक्यात आहे. लहान गोकूला बाईचा आवाज समजू शकतो. मोठा झाल्यावर बदलला का नाही? हिंदीत आणि इंग्रजीत तर पुरुषाचाच आहे.

तिन्हीसांज

निवड कशी झाली त्यात याचं अर्धं उत्तर आहे. ऑडिशनच्या टेप मूळ लेखक-चित्रकार अकिरा तोरियामांना ऐकवल्या, त्यांवर नावं नव्हती. नोझावांचा आवाज ऐकून त्यांनी हाच गोकू असं ठरवलं. एकदा लेखकाच्या कानात पात्राचा आवाज पक्का बसला की तो बदलणं अवघड. बाईंनीच सांगितलंय की पुढे चित्रं काढताना तोरियामांना त्यांचाच आवाज ऐकू येत असे.

उरलेलं अर्धं मालिकेच्या रचनेत आहे. पहिल्या मालिकेचे १५३ भाग. गोकू मोठा होतो तो त्यातल्या शेवटच्या वीसेक भागांत. त्या वेळी बदलला असता तर प्रेक्षकांचा तीन वर्षांचा ओळखीचा आवाज ऐन अंतिम स्पर्धेत गेला असता. २६ एप्रिल १९८९ ला पुढची मालिका 'झी' सुरू झाली आणि गोकूचा मुलगा गोहान आला. तोही नोझावांकडेच. पुढे धाकटा गोतेनही. बाप आणि दोन पोरं एकाच गळ्यातून. १९९० च्या विशेष भागातला गोकूचा बाप बार्डॉकसुद्धा.

हिंदी आवृत्ती मूळ जपानीवरून केलेली नाही, इंग्रजीवरून केलेली आहे. इंग्रजीत मोठ्या गोकूला पुरुष घेतला, म्हणून आपल्याकडेही पुरुष आला.

रिळवाला

मुळात पोरांना बायकांचा आवाज ही पद्धत का पडली ते सांगतो.

सुरुवातीच्या काळात टीव्हीवरच्या परदेशी मालिकांचं डबिंग थेट प्रक्षेपणात होई. चित्र चालू, कलाकार माइकसमोर, आणि ते बोलतील ते त्याच क्षणी घरोघरी. रिटेक नाही. चित्रफीत तेव्हा भयंकर महाग होती, म्हणून ही कसरत. अशा वेळी आठ वर्षांच्या मुलाला उभं करणं म्हणजे जुगार. ओळ चुकली, खोकला आला, रडू आलं, तर सावरायला जागा नाही. थोडा मोठा, भरवशाचा मुलगा घ्यावा तर त्याचा आवाज फुटलेला. तेव्हा कुणीतरी विचार केला की तरुण नटीला पोराचा आवाज काढता येतो का बघू. नोझावा पहिल्यांदा पोराच्या भूमिकेसाठी बोलावल्या गेल्या त्या अशाच गरजेपोटी.

थेट प्रक्षेपण संपलं तरी पद्धत टिकली, कारण अडचणी बाकी होत्याच. जपानच्या कामगार कायद्यानुसार लहान मुलांच्या कामाचे तास शाळेचे तास धरून मोजतात आणि रात्री उशिरा त्यांच्याकडून काम करवून घेता येत नाही. त्यात मालिका पाच-सात वर्षं चालते आणि मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी कधीही फुटतो. बाईचा आवाज वर्षानुवर्षं तोच राहतो. निर्मात्याला दुसरं काय हवं?

खडूफळा

पण बायकांचाही आवाज वयानुसार उतरतो ना?

कंठमणी

उतरतो, हो. पन्नाशीनंतर संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू थोडे जाड होतात आणि स्वराची पट्टी खाली येते. पुरुषांचं उलट, उतारवयात बऱ्याच जणांची पट्टी किंचित वर जाते. शिवाय स्वरतंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा किंवा फुसका होतो.

नोझावांच्या बाबतीत लक्षात घ्यायची गोष्ट ही की त्यांचा पोराचा आवाज पट्टीवर उभाच नाही. नवशिके पोराचा आवाज म्हणून नुसती पट्टी वर नेतात आणि परिणाम बाहुलीसारखा होतो. खरा दहा वर्षांचा मुलगा फार उंच पट्टीत बोलत नाही. तो जोरात बोलतो, वाक्याचा शेवट तोडतो, श्वास कुठेही घेतो, शब्दांवर आघात सपाट देतो. बाई हेच करतात. आवाज छातीतून येतो, थोडा खरखरीत असतो, स्वर उघडे आणि रुंद. म्हणून पट्टी दोन-तीन स्वरांनी उतरली तरी पोर पोरच वाटतं.

१९८६ चा पहिला भाग आणि 'दायमा'चा पहिला भाग लागोपाठ ऐका. दायमात आवाज जाड आहे, लांब ओळींत श्वास जास्त वेळा घेतलेला कळतो. पण वाक्य उचलण्याची आणि टाकण्याची ढब तीच आहे.

रिळवाला

स्टुडिओतलं काम कसं चालतं ते लिहितो. त्याशिवाय तीन भूमिका एका दमात करणं म्हणजे काय ते नीट कळायचं नाही.

जपानी ॲनिमेशनमध्ये चित्र आधी आणि आवाज नंतर. याला तिथे 'आफुरेको' म्हणतात. चित्र आधी म्हणतात खरं, पण रेकॉर्डिंगच्या दिवशी ते बहुतेक वेळा पूर्ण नसतं. पडद्यावर कच्च्या रेघा असतात, कधी नुसते स्टोरीबोर्डचे चौकोन. मग कोण कधी बोलतंय हे कळावं म्हणून पात्राच्या नावाची पट्टी पडद्यावर येते. पट्टी आली की बोलायचं, गेली की थांबायचं. ओठ पाहून बोलायची सोय नाही.

संहिता उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे. पानाच्या वरच्या भागात दृश्याचा क्रमांक आणि हालचाल, खालच्या भागात नाव आणि संवाद. पात्र चौकटीबाहेर असेल तर तशी खूण, मनातलं बोलणं असेल तर वेगळी खूण, नुसता श्वास किंवा हुंकार असेल तर कंसात तसं लिहिलेलं. कलाकार घरी चित्रफीत बघून दोन वाक्यांमधल्या थांब्यांच्या वेळा समासात पेन्सिलीने लिहून आणतात.

पूर्वापार रीत अशी की पंधरा-वीस कलाकार एकाच खोलीत, माइक तीन किंवा चार. ज्याची ओळ येईल त्याने उठायचं, मोकळ्या माइकपाशी जायचं, बोलायचं, आवाज न करता बाजूला व्हायचं. कोण कुठल्या माइकला जाणार हे तालमीत ठरतं आणि लक्षात ठेवावं लागतं. दोघे एकाच माइकवर आदळले की टेक गेला. आधी तालीम, मग शेवटची तालीम, मग प्रत्यक्ष टेक. अर्ध्या तासाच्या भागाचे दोन तुकडे, पहिला संपला की दुसरा. एकमेकांवर चढणारे संवाद नंतर वेगळे घेतात, नाहीतर मिक्सिंगच्या वेळी सुटे करता येत नाहीत. सगळं मिळून चार-पाच तास. २०२० मध्ये करोनामुळे एका वेळी तीन-चार जणच आत घ्यायची पद्धत आली आणि हे सामूहिक काम विस्कटलं.

टेक बिघडवणाऱ्या गोष्टी क्षुल्लक असतात. पान उलटल्याचा आवाज हा पहिला शत्रू. म्हणून पान आधीच कोपऱ्यातून उचलून धरतात आणि माइकपासून लांब नेऊन उलटतात. सळसळणारं जाकीट, बांगड्या, करकरणारे बूट चालत नाहीत. भुकेल्या पोटाची गुडगुडसुद्धा संवेदनशील माइक पकडतो, म्हणून सकाळच्या रेकॉर्डिंगला उपाशी जायचं नाही.

आता या खोलीत नोझावा कल्पा. गोकू, गोहान आणि गोतेन एकमेकांशी बोलतायत. सोयीचा मार्ग म्हणजे आधी गोकूच्या सगळ्या ओळी, मग गोहानच्या, मग गोतेनच्या. बाई तसं करत नाहीत. सलग बोलतात, पडद्यावर जो येईल तो त्या क्षणी होतात. वेगळं घेतलं तर बापाच्या वाक्याला मुलाने दिलेला प्रतिसाद थंड पडतो, म्हणून सलग. यासाठी ओळींमध्ये अर्धा सेकंदही मिळत नाही आणि गळ्याची ठेवण तेवढ्यात बदलावी लागते. गोकू मोकळा, हनुवटी सैल. गोहान अदबीचा, शब्द पूर्ण उच्चारणारा. गोतेन जिभेच्या टोकावर, हलका. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत अवघड काम हेच. आरोळ्यांचं कौतुक फार होतं, याचं पुरेसं होत नाही.

सह्याद्रीकडा

आरोळ्यांचाही विषय काढाच. 'कामेहामेहा' ही गोकूची हल्ल्याची आरोळी इतकी वर्षं ओरडून गळा शाबूत कसा?

कंठमणी

आरोळी गळ्याने मारली की गळा बसतो. जोर पोटातून आणि बरगड्यांतून यायला हवा, गळा फक्त उघडा ठेवायचा. 'का-मे-हा-मे' हे चार अक्षरगट खालच्या पट्टीत ताणून घेतात, त्यात हवा जपून खर्च होते. मग छोटा श्वास, आणि शेवटचा 'हा' पूर्ण दाबाने. तो 'आ'कारान्त आहे हेही सोयीचं. जबडा पूर्ण उघडतो, जीभ खाली जाते, घशावर ताण कमी येतो. हीच आरोळी 'ई'वर संपली असती तर रोज मारणं कठीण होतं.

नेहमीची चूक म्हणजे आरोळीच्या आधी खांदे वर उचलून छातीत हवा भरणं. त्याने मान आवळते, स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, आणि चार-सहा टेकमध्ये आवाज चिरतो. चिरल्यावर लोक खाकरतात. त्यानेही सूज वाढते. अशा वेळी कोमट पाण्याचा घोट घ्यावा आणि थोडा वेळ गप्प बसावं. कुजबुजसुद्धा नको, काही जणांच्या गळ्यावर तिचाही ताण येतो.

रिळवाला

यात रेकॉर्डिस्टचीही बाजू आहे. नेहमीच्या संवादाला माइक साधारण वीत-दीड वीत अंतरावर. आरोळीला कलाकार अर्धं पाऊल मागे सरतो आणि तोंड किंचित तिरकं करतो, म्हणजे हवेचा झोत थेट माइकच्या पडद्यावर आदळत नाही. कन्सोलवरचा माणूस तालमीत पातळी बघून ठेवतो. नवखा कलाकार तालमीत गळा वाचवायला अर्ध्या जोराने ओरडतो, टेकमध्ये पूर्ण जोर लावतो, आवाज फाटतो, आणि तीच आरोळी पुन्हा द्यावी लागते. वाचवलेला गळा दुप्पट खर्च. यापेक्षा तालमीत एकदा तरी खरा जोर दाखवून द्यावा.

व्हिडिओगेमचं काम आणखी कष्टाचं. तिथे चित्र नाही, समोरचा कलाकार नाही, फक्त ओळींची यादी. छोटा फटका, मध्यम फटका, मोठा फटका, कोसळणं, उठणं, प्रत्येकाचे दोन-तीन प्रकार. अशा कामात शांत संवाद आधी आणि आरोळ्या दिवसाच्या शेवटी घेतात, कारण आरोळ्यांनंतर मऊ आवाज परत येत नाही. हे काम बाईंनी इतकी वर्षं केलंय की एकाच पात्राला व्हिडिओगेममध्ये सर्वाधिक काळ आवाज दिल्याची नोंद २०१७ मध्ये गिनीज बुकात झाली : २३ वर्षं २१८ दिवस.

पाटीवरचा_श्री

पैशाचं कसं असतं? इतक्या मोठ्या कलाकाराला घेणं परवडतं का?

रिळवाला

श्री, तिथे श्रेणी पद्धत आहे. नट संघटना आणि निर्माते यांच्यात ठरलेले दर. सगळ्यांत खालच्या श्रेणीला अर्ध्या तासाच्या भागाचे मूळ १५,००० येन, ओळ एक असो की शंभर. वरच्या श्रेणीला ४५,०००, आणि त्याहीवर ज्यांचा दर बोलणी करून ठरतो असे काही ज्येष्ठ. एजन्सीचं कमिशन यातूनच जातं.

याचा तोटा असा की दोन ओळींच्या पाहुण्या भूमिकेसाठी निर्माता ज्येष्ठाऐवजी नवख्याला घेतो. मधल्या पिढीला याचा फटका बसतो : श्रेणी वाढली की कामं घटतात. नोझावांसारख्यांना बसत नाही, कारण गोकूला पर्याय नाही. पुनःप्रक्षेपणाच्या मोबदल्यासाठी कलाकारांना १९७३ मध्ये रस्त्यावर उतरावं लागलं होतं. आजचे दर त्या भांडणाच्या पायावर उभे आहेत, आणि या पिढीचं हे काम पडद्यावरच्या कामाइतकंच मोठं आहे.

सह्याद्रीकडा

सगळं मान्य, तरी एक मतभेद नोंदवतो. हलक्याफुलक्या प्रसंगांत नोझावा अप्रतिम, पण मोठ्या गोकूच्या गंभीर लढाईत तो आवाज मला पटत नाही. शरीर आणि आवाज जुळत नाहीत.

तिन्हीसांज

सह्याद्रीकडा, 'झी'चा ९५वा भाग जपानीत ऐका, १९ जून १९९१ ला दाखवलेला. खलनायक फ्रीझा गोकूचा मित्र क्रिलिनला मारतो तो. गोकू रूप बदलतो तेव्हा आरोळी आहेच. पण ती संपल्यावर गोहानला निघून जा म्हणून सांगताना काय होतं ते बघा. आवाज दोन पायऱ्या खाली येतो, नेहमीची गावरान मोकळीक नाहीशी होते, शब्द दातांमागून येतात. आवाज वाढवलेलाच नाही. इतके दिवस ज्या आवाजात पोरकट हसू होतं त्यातून ते काढून घेतलंय, म्हणून भीती वाटते. सुरुवातीपासून भारदस्त पुरुषी आवाज असता तर उतरायला ही पायरीच उरली नसती.

आणि गोकू हा मुळात मोठ्या शरीरातला निरागस पोरगा आहे. भूक लागली की सगळं विसरणारा. त्या अर्थाने शरीर आणि आवाज जुळत नाहीत हेच पात्र आहे, असं माझं ठाम मत.

सह्याद्रीकडा

ऐकला तो भाग. गोहानला हाकलतो ती ओळ खरोखर जबरदस्त. बाकी मालिकेबद्दल माझं मत अजून तेच, पण त्या प्रसंगापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

चिंचेचा_पार

कितारोबद्दल एक भर घालते. १९८५ च्या तिसऱ्या मालिकेपासून कितारो दुसऱ्यांकडे गेला : केइको तोदा, मग योको मात्सुओका, मग मिनामी ताकायामा. सगळ्या बायकाच. २००८ मध्ये 'हाकाबा कितारो' ही प्रौढांसाठीची मालिका आली तेव्हा नोझावांना परत बोलावलं. सोबत जुनेच सवंगडी : डोळ्याच्या रूपातल्या बापाच्या भूमिकेत इसामु तानोनाका आणि नेझुमी-ओतोको म्हणजे चिकाओ ओत्सुका. चाळीस वर्षांनी तेच तिघे. २०१० मध्ये तानोनाका गेले. आणि १ एप्रिल २०१८ ला सहावी मालिका सुरू झाली तेव्हा तो बाप, मेदामा-ओयाजी, नोझावांकडे आला. कितारो मियुकी सावाशिरोकडे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या बापाला हाक मारली त्याच बापाचा आवाज आता बाईंचा.

तो आवाज तानोनाकांची नक्कल नाही, पण त्यांचा उंच, पिळलेला सूर राखलेला आहे. ज्येष्ठ कलाकाराची जागा घेताना पहिल्या काही भागांत ओळख राखायची आणि मग हळूहळू आपलं आणायचं, ही तिथली रीत. २००५ मध्ये वासाबी मिझुतांनी दोराएमोन घेतला तेव्हा मात्र नक्कल मुद्दाम टाळली, कारण ओयामांसकट सगळा मुख्य संच एकदम बदलला होता.

खडूफळा

आता मला यादी द्या. जपानी येत नाही, उपशीर्षकांवर बघणार. कुठून सुरू करू?

तिन्हीसांज

गोकूपासून नको. आधी १९७९ चा 'गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९' हा चित्रपट बघा, दिग्दर्शक रिंतारो. तेत्सुरो तिथे मालिकेपेक्षा थोरला आहे. जमलं तर मालिकेचा एखादा भाग शेजारी लावा आणि एकच पात्र, एकच कलाकार, दोन वयं कशी केली ते ऐका. समोर माएतेलच्या आवाजात मासाको इकेदा आहेत, ऑड्री हेपबर्नचा जपानी आवाज त्यांचाच.

मग 'गांबा'. २६च भाग आहेत, दिग्दर्शक ओसामु देझाकी. खलनायक नोरोई म्हणजे चिकाओ ओत्सुका. दोघांच्या आवाजातला फरक फार शिकवून जातो. त्यानंतर बार्डॉकचा १९९० चा विशेष भाग : गोकूसारखाच चेहरा, पण आवाजात कणव नाही. शेवटी 'ड्रॅगन बॉल सुपर'मधला गोकू ब्लॅक, म्हणजे गोकूच्या रूपातला खलनायक, थंड आणि सभ्य.

चिंचेचा_पार

यादीत गोतेंक्स घाला. गोतेन आणि त्याचा मित्र ट्रंक्स एकत्र होऊन झालेलं हे पात्र नोझावा आणि ताकेशी कुसाओ दोघं एकाच वेळी बोलतात. गोकू आणि वेजिता एकत्र होऊन झालेला वेजितोही तसाच, तिथे जोडीला रियो होरिकावा. दोन माइक, एक ओळ. सुरुवात जुळवायला दोघं एकदम श्वास घेतात. ओळीचा शेवट जुळवणं त्याहून अवघड, कारण प्रत्येकाची स्वर ताणायची लांबी वेगळी.

खडूफळा

दोघांचे आवाज वेगळे ओळखायचे कसे? मला तर एकच ऐकू येतो.

चिंचेचा_पार

हेडफोन लावा आणि गोतेंक्स आपल्या डावांची नावं ओरडतो तो प्रसंग काढा. लांब नाव असलेला डाव निवडा. सुरुवातीला कळणार नाही. शेवटच्या स्वराकडे लक्ष द्या : वरचा, खरखरीत, आधी तुटतो तो नोझावांचा, आणि खालून गुळगुळीत उरतो तो कुसाओंचा. एकदा तिथे पकडलात की मागे जाऊन पूर्ण ओळीत दोन्ही सुटे ऐकू येतील.

खडूफळा

आला ऐकू! तिसऱ्या खेपेला. आता 'गांबा' लावतो.